बाबा काय म्हणाले असते

दोन झाकलेल्या वाट्या तिच्यापुढे ठेवल्या होत्या आणि सगळ्याजणी 'उघड गं, उघड' करत होत्या. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. अंतराने उजवा हात पुढे केला. हात वाटीपर्यंत पोचला आणि तिथे पोचल्यावर पुढे काय करायचं ते त्याला कळेना. आधी तो मनगटातून वरखाली हलला, मग अंगठा तळव्यात वळला आणि मग सगळा पंजाच ताटावर आपटला. दोन्ही वाट्या उलटल्या. पेढा गालिच्यावरून घरंगळत दिवाणाखाली गेला. "दोन्ही गं दोन्ही! जुळं आहे बाई!" विनया ओरडली. हशा झाला. "सत्यजितला कळवा," पद्माताई म्हणाल्या, "म्हणावं, गोरखपूरहून बदली मागून घे, एकटीच्या कडेवर दोन दोन बसायची नाहीत." कुणीतरी म्हणालं, ही लखनौची थंडी, डिसेंबरात माझीसुद्धा बोटं अशीच आखडतात. अंतराही हसली. तिचं हसू ओठांवर आलं आणि बाकीच्यांचं संपल्यावरही तिथेच राहिलं, उतरायला विसरल्यासारखं. डाव्या हाताने तिने उजवं मनगट पकडलं, मांडीवर दाबलं आणि त्यावर हिरव्या साडीचा पदर ओढून घेतला. मी समोरच उभी होते, माझ्या हातात ओटीचं तबक होतं. मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं तिथे नुसती जागा होती, आणि त्या जागेत मी एवढाच विचार केला की दिवाणाखालचा पेढा काढायला हवा, मुंग्या लागतील.

बायका पाचच्या सुमाराला गेल्या. आमच्या जानकीपुरममधून आपापल्या वसाहतींत पोचायला हल्ली प्रत्येकीला तास लागतो. मी वाट्या घासत बसले. घासताना मला एकेक गोष्ट दिसू लागली, म्हणजे ती आधीही दिसलेली होती, आता ओळीने उभी राहिली. अंतरा, माझी सून, शाळेत भूगोल शिकवते. फळ्यावर एका रेषेत भारताचा किनारा काढते, खडू न उचलता, कच्छपासून बंगालपर्यंत. दिवाळीनंतर म्हणाली, "आई, अब प्रोजेक्टर पे ही दिखाती हूँ, चॉक की धूल से खाँसी होती है." तिला खोकला मी ऐकला नव्हता. मग साडीला पिना लावणं मी करायला लागले. मग ती चहा कपातून न पिता स्टीलच्या पेल्यातून पिऊ लागली, अर्धाच भरून. मैत्रिणींना फोनवर लांबलचक निरोप बोलून पाठवायची ती नुसते अंगठ्याचे आणि हसऱ्या तोंडाचे छाप पाठवू लागली. शब्द तिच्या तोंडात ओले होऊ लागले होते. हे सगळं मी पाहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी माझ्या मनाने, अवघडलेपण आहे, सातवा महिना आहे, असं एक पांघरूण त्याच्यावर घातलं होतं.

तिचा आजार आम्हाला लग्नाआधीपासून माहीत होता. तिचे वडील गोपीनाथराव रेल्वेत इंजिनियर, तीस वर्षं आलमबागेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये काढलेले. अंतरा कॉलेजात असतानाच तिची आई गेली. स्थळाची बोलणी चालली असताना ते एकटे आमच्याकडे आले, चहा घेतला नाही, आणि म्हणाले, "आधी एक गोष्ट ऐकून घ्या, मग हो-नाही ठरवा." एकोणिसाव्या वर्षी अंतराचं अक्षर बिघडलं होतं. परीक्षेत ओळी उतरत्या जायला लागल्या, प्राध्यापकांनी आळशीपणा म्हणून झापलं, मग चमचा धरता येईना, मग बोलताना लाळ गळू लागली. वर्षभर वेगवेगळ्या दारांतून फिरल्यावर कळलं की अन्नातलं तांबं तिच्या शरीराला बाहेर टाकता येत नाही. ते यकृतात साठतं, मग मेंदूत साठतं, आणि हातपाय मनाचं ऐकेनासे होतात. औषध आहे. ते तांबं लघवीवाटे बाहेर काढतं. रोज, उपाशीपोटी, जन्मभर. औषध सुरू झाल्यावर दोन वर्षांत ती पुन्हा सरळ ओळीत लिहू लागली होती. हे सांगताना गोपीनाथरावांनी खिशातून तिची दोन अक्षरं काढून दाखवली, आजारातलं आणि नंतरचं, पोस्टकार्डाच्या तुकड्यांवर. आमच्या यांनी दोन्ही तुकडे बराच वेळ पाहिले. लग्न झालं त्या आठवड्यात यांनीच घरातली तांब्याची भांडी उतरवली, माझ्या आईने साताऱ्याहून दिलेली कळशी, पूजेचं तांबं, फुलपात्रं, सगळं एका पोत्यात भरलं आणि इथल्या मराठी मंडळाच्या देवळाला देऊन टाकलं. हे औषधांच्या संशोधनातले होते. त्यांच्या बोलण्यावर घरात कुणी बोलत नसे.

औषध माणसाला देण्याआधी ते गाभण उंदरीला देतात. पिल्लांवर काय होतं ते बघतात. छत्तीस वर्षं यांचं काम ते. आम्ही शहात्तर साली लखनौला आलो तेव्हा यांची संशोधन संस्था नदीकाठच्या जुन्या इमारतीत होती, मी डबा घेऊन जात असे. एकदा यांच्या टेबलावर काचेच्या बाटल्या होत्या, त्यांत बोटाच्या पेराएवढी पिल्लं, मांस काचेसारखं पारदर्शक केलेलं आणि आतली हाडं लाल रंगवलेली. एका पिल्लाच्या बरगड्या एका बाजूला कमी होत्या. हे म्हणाले, मोजून बघ. मी मोजल्या नाहीत. लग्नानंतर नऊ वर्षांनी मला दिवस राहिले तेव्हा यांनी घरातलं औषधांचं कपाट रिकामं केलं. डोकेदुखीची गोळीसुद्धा ठेवली नाही. "पोटात मूल असताना काहीही नको," म्हणाले, "काहीही म्हणजे काहीही." पाचव्या महिन्यात माझी दाढ सुजली. गाल एवढा वाढला की डावा डोळा मिटला. सात दिवस मी लवंग चावत, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत बसले होते. हे संस्थेतून आले की माझ्याजवळ बसत आणि म्हणत, "तू हे करू शकतेस." आठव्या दिवशी गळू आपोआप फुटलं. सत्यजित झाला तेव्हा यांनी त्याची बोटं मोजली, बरगड्यांवरून हात फिरवला, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. आयुष्यात मला मिळालेलं एवढंच एक शाबासकीपत्र. दाढ पुढे काढावी लागली. ती गोष्ट मी किती जणींना सांगितली असेल. माझी आठवण चांगली आहे असं सगळे म्हणतात. मंडळात कुणाच्या मुलाची मुंज कोणत्या साली झाली हे मला विचारतात. हेसुद्धा विचारायचे, अमका परिसंवाद कोणत्या वर्षी झाला, आणि मी सांगायची, त्या वर्षी तुमच्या निळ्या कोटाचं अस्तर फाटलं होतं.

अंतरा ऑगस्टमध्ये ती घडी घातलेली पातळ कागदाची पुरवणी घेऊन माझ्याकडे आली, औषधाच्या डबीत असते ती. तिसरा महिना. सकाळी उपाशीपोटी कॅप्सूल घेतली की ती ओकत होती, डोळे खोल गेले होते. डॉक्टरांनी डोस कमी करून दिला होता आणि सांगितलं होतं, कमी करू, पण थांबवायचं नाही. सत्यजितचा डॉक्टरांवर विश्वास होता, पण सत्यजित आठवड्याचे पाच दिवस गोरखपूरला. यांचं भिंग माझ्याजवळ असतं म्हणून ती आली. आम्ही दोघींनी भिंगाखाली ती बारीक अक्षरं वाचली. प्राण्यांच्या पिल्लांत दोष, माणसांत क्वचित दोष, गर्भावस्थेत अमुक, तमुक. तिने कागद परत घडी केला, मूळच्याच घड्यांवर, नखाने दाबत. "आई," ती म्हणाली, "बाबा होते तो क्या कहते?" हे जाऊन तीन वर्षं झाली होती. तीन वर्षांत त्यांच्याबद्दल मला कुणी काही विचारलं नव्हतं. फोटोला हार घालायचे, पान वाढायचे, वर्षश्राद्धाला संस्थेतून कुणीतरी येऊन चांगलं बोलून जायचं, पण विचारायचं कुणी नाही. मी म्हणाले, "बाबा म्हणाले असते, पोटात मूल असताना काहीही नको." "सच?" "मला हेच म्हणाले होते ते. पाचव्या महिन्यात माझी दाढ..." "हाँ, वो तो पता है," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच त्या दिवशी हसली. "आपकी दाढ तो पूरे मोहल्ले को पता है." मग म्हणाली, "सिर्फ़ छह महीने की तो बात है ना?" मी म्हणाले, "सहाच महिने. एवढी वर्षं घेतलंयस, अंगात थोडं उरलं असेलच की." हे कुठून आलं मला माहीत नाही. औषध कणगीत साठवून ठेवल्यासारखं मी बोलले.

सत्यजित रोज सकाळी फोन करायचा. "दवा ली?" "हाँ ली." शनिवारी आला की डबी हलवून बघायचा, म्हणून डबी रिकामी होत जायला हवी होती. ते काम माझ्याकडे आलं. तसं कुणी ठरवलं नाही. मी पहाटे उठते. सहाला डबी उघडायची, दिवसभराच्या कॅप्सुली काढायच्या आणि बेसिनमध्ये सोडायच्या. कॅप्सूल पाण्यात लगेच विरघळत नाही. ती जाळीवर चिकटून बसते, मऊ होते, बोटाने ढकलावी लागते. चार महिने रोज मी ते केलं, मग चहाचं आधण ठेवलं. अंतराचं ओकणं थांबलं. गालांवर रंग आला. बाळ चांगलं वाढत होतं, तपासणीला सगळं ठीक येत होतं, आणि प्रत्येक वेळी घरी आल्यावर ती माझ्या गळ्यात हात टाकून म्हणायची, "बाबा जीनियस थे." मी मान हलवायची. तो मान हलवण्याचा मान मला आवडत होता, हे आज कळतं. तेव्हा आवडणंसुद्धा कळत नव्हतं. दिवस कापसातून गेल्यासारखे जात होते.

डोहाळजेवणाच्या संध्याकाळी सत्यजित आला. अंतराने दार उघडलं, त्याच्या हातातली बॅग घ्यायला गेली आणि बॅगेचा पट्टा तिला पकडता येईना. तीनदा प्रयत्न केला. तो बघत राहिला. "ये कब से?" "थक गई हूँ आज. सब आंटियाँ आई थीं." "अंतरा, बोल पुन्हा." ती बोलली नाही, कारण बोललं असतं तर ऐकू आलं असतं. त्याने डबी काढून आणली, उजेडाकडे धरली, आतल्या कॅप्सुली मोजल्या. बरोबर भरल्या. "दवा तो ले रही हो ना?" "हाँ." तो माझ्याकडे वळला. "आई, घेते ना ही?" मी म्हणाले, "डबी तुझ्या हातातच आहे." मला खोटं बोलावं लागलं नाही म्हणून बरं वाटलं, इतकी मी खाली गेले होते. तो खुर्चीवर बसला, बूट न काढता. "मतलब दवा काम करणं बंद झालंय," तो म्हणाला. त्याचं मराठी घाबरला की असं होतं. "दूसरी कोई दवा देखनी पड़ेगी. सोमवारी नंबर लावतो." तो आत गेल्यावर अंतरा माझ्याशेजारी दिवाणावर बसली. तिने माझा हात घेतला, म्हणजे तिचा हात माझ्या हातावर येऊन पडला आणि तिथे थरथरत राहिला. "आई, डॉक्टर को... मत बताइएगा." एकेक शब्द ती जिभेने उचलून ठेवत होती. "दो ही महीने. फिर... शुरू कर दूँगी. बेबी ठीक है ना. बाबा ने कहा था ना." बाबा म्हणाले असते, असं ती आता म्हणत नव्हती. बाबांनी सांगितलं होतं असं झालं होतं त्याचं. मी म्हणाले, "झोप आता." तिला पाणी पाजलं. थोडं हनुवटीवरून ओघळलं, ते पुसलं.

सोमवारी धुकं होतं. सत्यजितने सगळं शहर ओलांडून गाडी नेली, हॉस्पिटल पार दक्षिणेला, वृंदावन योजना नावाच्या वसाहतीच्याही पलीकडे. आलमबागेत मेट्रोच्या खांबांखाली आम्ही बराच वेळ अडकलो. बसस्थानकाकडे वळणाऱ्या बसचा कंडक्टर खिडकीतून हात आपटत होता, "हटाओ, हटाओ." मागच्या सीटवर अंतराचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि तिचा हात शालीखाली आपला आपण काहीतरी करत होता, जसं झोपेतलं मूल करतं. इथेच डाव्या हाताला तिच्या वडिलांची क्वार्टर होती. गोपीनाथराव आता नागपूरला मुलाकडे असतात. ते त्या दिवशी पोस्टकार्डाचे तुकडे खिशात घालून गेले, त्यानंतर दोन दिवस हे संस्थेच्या ग्रंथालयात बसून होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हरांड्यात मी मटार सोलत होते. हे येऊन माझ्यासमोर बसले. एक शेंग उचलली, सोलली नाही. म्हणाले, "मुलगी चांगली आहे. करून टाकू." मग म्हणाले, "पण एक. हिचं औषध कधीही थांबता कामा नये. उद्या दिवस गेले तरी नाही. लोक तिथेच चूक करतात, मुलाच्या भीतीने बंद करतात, आणि मग आईच जाते हातची." मी म्हटलं, "मला काहीही नको म्हणाला होतात." ते म्हणाले, "तुझी दाढ होती. दाढेने माणूस मरत नाही." आणि उठताना म्हणाले, "तेव्हा मी असेन-नसेन. तुझ्या लक्षात राहतं म्हणून तुला सांगून ठेवतोय." हे मला ऑगस्टमध्ये आठवलं नाही असं मी स्वतःला चार महिने सांगत आले होते. आलमबागेच्या त्या खांबाखाली, पुढची बस हलत नव्हती तेव्हा, मला तेही सांगता येईना. अंतराने विचारलं त्या क्षणीच ते आठवलं होतं, मटारांसकट, त्यांच्या बनियनच्या भोकासकट. आठवलं होतं आणि त्याच्या आधी 'दाढेने माणूस मरत नाही' हे आठवलं होतं. सात दिवस. मिटलेला डोळा. ही पोरगी रोज औषध घेईल आणि तरी तिला दहा बोटांचं मूल होईल, तर मग माझं ते काय होतं? एवढंच होतं ते. एवढ्याशा गोष्टीला मी त्यांचा आवाज दिला. बस हलली. मला रडू येईल असं वाटलं, आलं नाही.

डॉक्टर बाई पन्नाशीच्या होत्या, थंडीने शालीवर पांढरा कोट घातलेला. "दोनों हाथ सामने. उँगलियाँ फैलाइए." अंतराचे हात हवेत वर आले आणि पंख उघडतात-मिटतात तसे हलू लागले. "अब अपनी नाक छुइए, फिर मेरी उँगली." तिचं बोट भुवईवर लागलं. "जीभ बाहर. कुछ बोलिए, लखनऊ, कानपुर, गोरखपुर." ती गोरखपूरला अडकली. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "दवा छूटी कभी?" "एक... दो बार," अंतरा म्हणाली. "उल्टी हुई तब." डॉक्टर सत्यजितकडे वळल्या. "पूरी दवा पर भी अगर ये हो रहा है, तो मामला अलग है. दूसरी दवा पर जाना पड़ेगा, और जाँचें भी. सातवाँ महीना है, सोच-समझकर करना होगा." सत्यजितने फोन काढला आणि त्या सांगतील ते टिपून घेऊ लागला. तो खोट्यावर उभा राहून खरं टिपून घेत होता. मी म्हणाले, "दवा बंद है." पन्नास वर्षांत माझं हिंदी सुधारलं नाही, पण हे वाक्य नीट आलं. "तीसरे महीने से. मैंने बंद करवाई."

बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आप डॉक्टर हैं?" "नहीं. मेरे पति वैज्ञानिक थे. दवाओं के." "तो उन्होंने कहा था?" अंतराने माझ्याकडे बघितलं. तिची मान तिरकी गेली होती, ती तिने हाताने सरळ केली आणि बघितलं. हो म्हणणं सोपं होतं. त्यांनी मला खरोखरच तसं म्हटलं होतं, चाळीस वर्षांपूर्वी. आणि ते आता काही येऊन नाही म्हणणार नव्हते. मी डॉक्टरांशी बोलायचं सोडून तिच्याशी मराठीत बोलले. "बाबांनी सांगितलं होतं, तुझं औषध कधीच थांबवायचं नाही. दिवस गेले तरी नाही. मी लक्षात ठेवीन म्हणून मला सांगितलं होतं. माझ्या लक्षात होतं." "क्या कह रही हैं?" डॉक्टरांनी सत्यजितला विचारलं. त्याने माझं सगळं बोलणं हिंदीत सांगितलं, एकही शब्द न गाळता, कार्यालयातल्या पत्राचा अनुवाद करावा तसं. डॉक्टर मला रागावल्या नाहीत. त्यांनी आधीचं लिहिलेलं खोडलं आणि नव्याने लिहायला घेतलं. "अच्छा हुआ आज बता दिया," म्हणाल्या, "नहीं तो मैं ग़लत रास्ते जाती. भर्ती करेंगे. आज से थोड़ी-थोड़ी शुरू करेंगे, एकदम पूरी देंगे तो हाथ और बिगड़ सकते हैं. लिवर की रिपोर्ट आने दीजिए." "और बच्चा?" सत्यजितने विचारलं. "धड़कन ठीक है. पहले माँ." "जो बिगड़ा है, वो पूरा लौटेगा?" त्यांनी कागद फाडून त्याच्या हातात दिला. "देखेंगे."

कॉरिडॉरमध्ये तो माझ्याजवळून गेला, परत आला. "आई, मी रोज फोन करत होतो." "हो." "रोज पूछता था मैं." "हो." त्याने मला बसायला बाक दाखवला आणि खिडकीवर कागद द्यायला गेला. त्याच्या रांगेत त्याच्यापुढे सात माणसं होती.

वॉर्डात अंतराला खाटेवर टेकवून बसवलं होतं. हिरवी साडी घरी राहिली होती, हॉस्पिटलच्या झग्यात तिचं पोट खूप मोठं दिसत होतं. मी पायाशी उभी राहिले. ती भिंतीकडे बघत होती. बऱ्याच वेळाने तिने तोंड जुळवलं. "आई. जिस दिन... मैंने पूछा. उस दिन भी... याद था?" मी म्हणाले, "हो." तिने मान हलवली, म्हणजे ती कळल्याची होती की आपोआपची, ते सांगता येत नाही. मला तिच्या पायावरची चादर सारखी करावीशी वाटली. केली नाही. नर्स आली, केरळची असावी, छोट्या कागदी कपात एक कॅप्सूल आणि पाण्याचा पेला घेऊन. "खाली पेट है ना?" अंतराच्या हातात तो कप राहणार नव्हता, तो कुणीतरी धरायला हवा होता, पेलाही. हल्ली तिला पाणी मीच पाजत होते. मी सवयीने पुढे झाले आणि नर्सच्या हातातून कप घेतला.

"ये नहीं," अंतरा म्हणाली. ते दोन शब्द अगदी स्पष्ट आले. "सिस्टर, आप दीजिए."

नर्सने एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि माझ्या हातातून कप परत घेतला. "माताजी, ज़रा हटिए." मी हटले. दोन खाटांच्या मधल्या जागेत, भिंतीला पाठ लावून उभी राहिले. नर्सने तिच्या मानेखाली हात घातला, कॅप्सूल जिभेवर ठेवली, पेला ओठांना लावला. पाणी थोडं सांडलं. अंतराने डोळे मिटून घेतले, एकदा प्रयत्न केला, पुन्हा केला. मग तिचा गळा हलला, आणि मी उभी होते तिथून ते दिसलं.